हिवाळा तोंडावर आलाय, खुराडं उबदार कसं करू?

नवा खुराडेकर

नमस्कार मंडळी. हौसेनं कोंबडीची पिल्लं आणली होती, त्यांच्या आता ७ धडधाकट तलंगा (वयात आलेल्या तरुण कोंबड्या) झाल्यात. परसात लाकडी खुराडं आहे, ६ फूट बाय ५ फूट, मधोमध जेमतेम साडेचार फूट उंच. आमचा हा पहिलाच हिवाळा. परवा रात्री पारा २ अंशांवर आला. पुढच्या महिन्यात तो उणे ८-१० पर्यंत उतरतो, हे फुटलेल्या नळांवरून पाठ झालंय.

माझा बेत असा: छपराखालच्या दोन्ही फटी प्लास्टिक ठोकून बंद, भिंतींना आतून थर्मोकोल, जमिनीवर गोणपाट आणि रात्रभर २५० वॉटचा लाल दिवा. बायको म्हणते दिवा नको, आग लागेल. मुलगी म्हणते सगळ्यांना घरात घ्या. मी मध्ये अडकलोय. त्यातली 'महाराणी' लेगहॉर्न जातीची आहे, एका बाजूला कलंडलेला मोठा तुरा. तीच जास्त कुडकुडते असं वाटतं.

काही राहिलंय का? काही चुकतंय का?

फुकट सल्ला

प्रत्येकीच्या मापाचा स्वेटर विणा. मापं घेताना चोच सांभाळा.

टुणटुणी

फुकट सल्ला, 'ह. घ्या.' (हलकेच घ्या) लिहायला विसरलात. खरोखर विणणारे लोक आहेत हो! म्हणून गंभीरपणे सांगते: स्वेटर नको. कोंबडी थंडीत पिसं फुलवून गोल गरगरीत होते, त्या पिसांत अडकलेली हवा हीच तिची रजई. वरून लोकर चढवली की पिसं दबतात आणि रजईच जाते. लोकर ओली झाली तर विचारूच नका.

जुनं खोड

बेत वाचून माझा पहिला हिवाळा आठवला. दिवा सोडला तर तुम्ही लिहिलंय ते सगळं मी केलं होतं. शेवटच्या फटीत चिंध्या कोंबल्या तेव्हा काय समाधान वाटलं होतं! चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर डोळे चरचरले. पत्र्यावरून आतल्या आत थेंब टपकत होते, भिंतीवर हिमाचा पांढरा थर. दोन कोंबड्यांच्या तुऱ्यांची टोकं राखाडी पडलेली. ती पुढे काळी ठिक्कर झाली आणि गळून गेली. बाहेर त्या रात्री फक्त उणे ४ होतं. शेजाऱ्यांच्या कोंबड्या एका बाजूला नुसती जाळी असलेल्या छपरीत राहायच्या, त्यांना काही झालं नाही. मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कोंबडीच्या शिटेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. कोंबडी वेगळी लघवी करत नाही, सगळं एकदमच. त्यात श्वासाची वाफ. सात जणी हिवाळ्यातल्या लांबच लांब रात्री त्या डब्यात बसणार. ती वाफ वर जाते, थंड पत्र्याला लागते आणि पाणी होऊन परत त्यांच्याच अंगावर येते. कोरडा तुरा बरीच थंडी सोसतो, ओला तुरा गोठतो. शिवाय अमोनिया. तो आपल्या नाकाला जाणवतो तोवर कोंबडीच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास सुरू झालेला असतो.

एक करून बघा. पहाटे, खुराडं उघडायच्या आधी, गुडघे टेकून दारातून आत डोकं घाला, त्या बसतात त्या उंचीवर. दोन मिनिटं तसेच राहा. नाक झोंबलं तर फटी उघडा. झोंबलं नाही तर उघड्याच राहू द्या.

थोडक्यात, प्लास्टिक रद्द.

कुतूहलराव

वाखुसा (वाचनखूण साठवली). कोंबड्या पाळत नाही, तरी एका दमात वाचलं.

नवा खुराडेकर

जुनं खोड काका, वाचून घाम फुटला. पण एक कळत नाही. फटी उघड्या ठेवल्या तर जी काही ऊब आहे ती पण निघून जाईल ना? मग आत आणि बाहेर फरक काय राहिला?

मोजपट्टी

फरक वाऱ्याचा. खोली गरम करायची आहे हा विचारच सोडून द्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश असतं, आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. पायांत पण खास सोय असते: खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, म्हणून उघड्या पायांतून फार उष्णता वाया जात नाही. तिला आपल्याकडून दोनच गोष्टी लागतात, अंगावर वारा नको आणि अंग कोरडं.

म्हणून फटी कुठे आहेत हे महत्त्वाचं. बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बऱ्यापैकी वर, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत, छपराखाली असाव्यात. डोक्याच्या खालच्या सगळ्या फटी, दाराची सांद, भिंतीच्या फळ्यांमधली भोकं, ही मात्र खुशाल बुजवा. तुमचा हात शिवशिवतोय ना काहीतरी ठोकायला, तो तिथे चालवा. वारा लागतो की नाही हे बघायला पातळ कागदाची वीतभर पट्टी त्यांच्या बसायच्या दांडीच्या उंचीवर धरा. फडफडली तर झोत आहे. जराशी हलली तर ठीक.

किती उघडं ठेवायचं याचा ढोबळ हिशोब दर कोंबडीला एक चौरस फूट असा सांगतात.

जुनं खोड

शेवटचं वाक्य सोडून सहमत. उणे दहाला ७ चौरस फूट उघडं म्हणजे त्या खुराड्याला भिंतच राहणार नाही. तो हिशोब वर्षभराचा. कडाक्यात निम्म्यावर आणलं तरी चालतं, पण शून्यावर आणू नका. फटींना सरकती फळी लावली की रोजच्या रोज ठरवता येतं.

कडाका

सगळे दिव्याच्या विरोधात जाणार हे दिसतंच आहे. मी चार हिवाळे २५० वॉटचा दिवा लावतोय, काही झालं नाही. कोंबड्या त्याच्याखाली मजेत बसतात.

तिसरी घंटा

कडाका, चार हिवाळे काही झालं नाही म्हणजे पाचव्याला होणार नाही असं थोडंच आहे? आमच्या ओळखीतल्यांचं पण तीन वर्षं काही झालं नव्हतं. खुराड्यात काय असतं ते बघा: कोरडा भुसा, बारीक धूळ, उडालेली पिसं आणि फडफडणारे पक्षी. एखादी दचकून उडाली, दिव्यावर आपटली, दिवा खाली. त्यांचं खुराडं पंधरा मिनिटांत संपलं आणि घराची मागची भिंत काळी पडली. जास्त लिहवत नाही.

आगीचं सोडा. रोज ऊब मिळाली की कोंबडीचं शरीर थंडीला सरावत नाही. मग ज्या रात्री वीज जाते, नेमकी सगळ्यात वाईट रात्रीच जाते, त्या रात्री तिला एकदम वीस अंशांचा फरक सोसावा लागतो. आपण बाहेरून धावत येईपर्यंत काम झालेलं असतं.

आणि काही दिव्यांच्या काचेवर ती फुटून उडू नये म्हणून टेफ्लॉनसारखा थर देतात. तो तापला की निघणारी वाफ पक्ष्यांना मारते. घरात पोपट असलेल्यांना कढईच्या बाबतीत हे माहीत असतं, खुराड्यात कुणाच्या लक्षात येत नाही.

कडाका

वाईट वाटलं वाचून. कढईचं माहीत नव्हतं. आज दिव्याचं खोकं शोधून त्यावर काय लिहिलंय ते बघतो.

टुणटुणी

ज्यांना काहीतरी लावल्याशिवाय झोपच येणार नाही त्यांनी भिंतीला लावायचं सपाट उष्ण पॅनेल बघावं. त्याचा पृष्ठभाग दिव्यासारखा भाजणारा नसतो, समोर बसेल तिलाच ऊब मिळते, बाकीचं खुराडं थंडच राहतं. तेही आजारी, फार म्हाताऱ्या किंवा ऐन थंडीत पिसं झडून उघड्या पडलेल्या कोंबडीसाठी. पिल्लांची गोष्ट पूर्ण वेगळी. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागतेच, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. तलंगांना पिल्लं समजू नका एवढंच.

अडगळीतला

आमच्याकडे शेगडीत निखारे घालून खुराड्यात ठेवायचे. स्वस्त आणि मस्त.

मोजपट्टी

अडगळीतला, कृपा करून नको! बंद जागेत निखाऱ्यांमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, रंग नाही. पक्ष्यांचा श्वास आपल्यापेक्षा जास्त भरभर चालतो, त्यामुळे त्या आधी जातात. पूर्वी कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी नेत ते याच कारणानं.

फुकट सल्ला

धागा 'उबदार कसं करू' पासून 'काय केल्यावर मरतील' पर्यंत आलेला आहे. धागाकर्ते, आहात ना?

नवा खुराडेकर

आहे आहे. प्लास्टिक काढून ठेवलं. दिवा परत करणार. बायको हा धागा मोठ्यानं वाचून दाखवतेय, तिसऱ्या घंटेचा प्रतिसाद दोनदा.

आता थर्मोकोल आणि गोणपाटाचं सांगा.

रंधा

थर्मोकोल कोंबड्या खातात. थट्टा नाही. पांढरे दाणे दिसले की टोचायला लागतात, दोन दिवसांत भिंतीला खळगा. लावायचाच तर दोन फळ्यांच्या मध्ये बंद करून लावा. पण तिथे उंदीर बाळंतपणाला येतात. मी काढून टाकला.

माझा विषय दांडीचा. तुमच्या खुराड्यात बसायला काय आहे? गोल बांबू किंवा पाइप असेल तर बदला. गोल दांडीला बोटं गुंडाळावी लागतात आणि ती समोरून उघडी राहतात. साडेतीन इंच रुंद चपटी पट्टी घ्या, रुंद बाजू वर, कडा रंध्यानं मारून गोल करा. त्यावर कोंबडी तळपाय सपाट टेकते आणि वरून छातीची पिसं सोडून बसते, बोटं पूर्ण झाकली जातात. लोखंडी पाइप तर अजिबात नको, तो पायातली ऊब ओढून घेतो. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या जागेवरून रोज संध्याकाळी भांडणं. दर कोंबडीला वीतभर जागा धरा. थंडीत त्या चिकटूनच बसतात, पण जागा नाही म्हणून कुणी खाली जमिनीवर झोपायला नको.

पाचोळा

गोणपाट नको. ओलं होतं, वाळत नाही, सुटे धागे गिळले तर गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन बसतो. गादी घाला. लाकडाचा जाडसर भुसा किंवा तूस, सुरुवातीला सहा इंच. वर दर काही दिवसांनी नवा थर. मधूनमधून मूठभर दाणे भुशात फेकायचे, त्याच उकरून गादी खालीवर करतात, आपल्याला फावडं लावावं लागत नाही. हिवाळाभर ती तशीच वाढू द्यायची. शिटेतला नत्र आणि भुशातला कर्ब मिळून खाली हळूहळू कुजत राहतं, त्याची थोडी ऊबही येते. सगळं एकदम उपसायचं ते थंडी सरल्यावर, थेट खतासाठी.

गवताची पेंढी मात्र टाळा. हिरवं वाळवलेलं गवत ओल धरतं, बुरशी येते, ती फुप्फुसात जाते. गव्हाचं काड चालेल, ते पोकळ असतं.

जुनं खोड

पाचोळा, ऊब येते हे जरा जास्तच झालं. मी थर्मामीटर खुपसून बघितलंय. सहा इंचांत काही तापत नाही, फूटभर झाल्यावर मध्ये जरा कोमट. गादीचा खरा फायदा म्हणजे ती ओल शोषते आणि थंड जमिनीपासून तोडते. वास आला की गादी हरली, नवा भुसा टाकायचा.

पाचोळा

मान्य. कोमट म्हणजे पण ऊबच हो काका. :)

धांदरट

मुळात कोंबड्या हिवाळ्यात अंडी देणं बंद करतात ते थंडीमुळेच ना? मग खुराडं गरम केलं तर अंडी मिळतील असा साधा हिशोब आहे. आमच्या पाचही जणी महिनाभर हरताळ करून बसल्यात.

टुणटुणी

थंडीमुळे नाही, अंधारामुळे. कोंबडीला अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. दिवस लहान झाला की शरीर आपोआप सुट्टी घेतं. त्याच सुमारास वर्षावरच्या कोंबड्यांची पिसं झडतात, आणि पिसं म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. एका वेळी पिसं आणि अंडी दोन्ही कुठून करणार बिचारी? अशा वेळी १६ ऐवजी १८-२० टक्के प्रथिनाचं खाद्य द्या. धागाकर्त्यांच्या तलंगा पहिल्या हिवाळ्यात बहुतेक देत राहतील.

उजेडासाठी साधा लहान बल्ब पुरतो, पण टायमरनं पहाटे लावा. संध्याकाळी लावला आणि फट्‌कन बंद झाला तर त्या जिथे असतील तिथेच अंधारात अडकतात, दांडीवर चढता येत नाही.

फुकट सल्ला

म्हणजे कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, पण तांबडं उशिरा फुटलं तर अंडं राहतं.

धांदरट

फुकट सल्ला, हे भिंतीवर लिहून ठेवतो. टुणटुणीताई, बल्ब लावत नाही. घेऊ दे सुट्टी.

शून्याखाली

पाण्यावर कुणी बोललंच नाही! माझ्या मते थंडीतलं खरं काम तेच आहे, बाकी सगळं एकदा केलं की झालं. कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, आणि पाणी गोठलं की खाणंही थांबतं. खाणं थांबलं की आतली भट्टी विझली. मी दोन काळी रबरी घमेली ठेवलीत. सकाळी कोमट पाणी भरून एक बाहेर, दुपारी दुसरं. गोठलेलं घमेलं उलटं करून वरून पाय दिला की बर्फाची चकती बाहेर पडते. प्लास्टिकचं पहिल्याच दणक्यात तडकतं. रात्री पाणी ठेवत नाही, अंधारात त्या पीत नाहीत आणि आत सांडलं तर वर काकांनी सांगितलेला सगळा घोळ.

रंधा

+१. अंडी पण दिवसातून दोनदा गोळा करा. गोठली की तडकतात, आणि तडकलेलं अंडं एकदा चाखलं की खायची सवय लागते.

महादेवाचा नंदी

तुऱ्याला व्हॅसलीन लावा रोज संध्याकाळी. मी लावतो, एकदाही काळा पडला नाही.

जुनं खोड

मी पण लावायचो, ओल्या खुराड्यात. तरी पडला. कोरड्या खुराड्यात न लावता पडला नाही. अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर फटी बंद करू नका. आणि तुऱ्याला हिमदंश झालाच तर चोळायचं नाही, एकदम शेकायचं नाही, काळं टोक कापायचं नाही. तेच खालच्या जिवंत कातडीचं झाकण असतं.

महाराणीला धोका जास्त आहे हे मात्र खरं. मोठा एकेरी तुरा म्हणजे उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायची सोय, थंडीत तीच अंगलट येते. बसक्या तुऱ्याच्या जातींना हा त्रास फार कमी. कॅनडात क्वेबेकमधल्या एका मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी ह्याच हिशोबानं शांतक्लेर नावाची जात तयार केली, तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी दोन्ही अगदी नावापुरती. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं तिला मान्यता दिली. सगळा गोठणारा माल आधीच कमी करून टाकला!

कुतूहलराव

हे भारी आहे. अवांतर: तुमच्यापैकी कुणाच्या कोंबड्या बर्फात चालतात का?

शून्याखाली

अर्ध्या येतात, अर्ध्या दारातून बघून परत जातात. पांढऱ्या जमिनीवर पाय ठेवायचाच नसतो त्यांना. वाटेवर थोडं काड पसरलं की मग सगळ्या ऐटीत बाहेर. कोपऱ्यात छपराखाली कोरडी माती आणि थोडी राख ठेवलीय लोळायला. हिवाळ्यात पिसांत माइट (रक्त पिणारे बारीक किडे) वाढतात, लोळायला मिळालंच पाहिजे. राख ओली होऊ देऊ नका, ती क्षारी होते आणि कातडीला झोंबते.

तिसरी घंटा

जाळी पण तपासा. थंडीत बाहेर खायला काही उरत नाही, उंदीर आणि मुंगूस कोंबड्यांकडे वळतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली चौकोनी तारजाळी), तीही खिळ्यांनी नाही, वॉशर आणि स्क्रूनं. छपराखालच्या उघड्या फटींना सुद्धा. कोंबडीची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही.

नवा खुराडेकर

तीन आठवड्यांनी येतोय. धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, पण हिशोब द्यायला हवा.

छपराखाली दोन्ही बाजूंना ५ फूट लांब, ४ इंच उंच अशा दोन फटी कायम उघड्या आहेत, वेल्डमेश ठोकून. म्हणजे सव्वातीन चौरस फूट आणि थोडं वर. वाऱ्याच्या बाजूच्या फटीला सरकती फळी. खालच्या भेगा सगळ्या बुजवल्या. कागदाची पट्टी घेऊन मुलगी खुराडंभर फिरली, दाराच्या बिजागरीपाशी एक झोत तिनंच पकडला. दांडी बदलली, गादी आता आठ इंचांवर गेलीय.

आत एक आणि बाहेर एक अशी आर्द्रता मोजायची यंत्रं ठेवलीत. पहिल्याच रात्री आत ८४ टक्के बघून घाबरलो होतो, मग बाहेरचं पाहिलं तर ८१. थंड हवेत आकडा असाच मोठा दिसतो म्हणे, फरक बघायचा. खिडकीच्या काचेवर आतून ओल नाही. परवा उणे ९ झालं. पहाटे गुडघे टेकून डोकं आत घातलं, लाकडाचा वास आला. सात जणी एका ओळीत, मान पाठीच्या पिसांत खुपसून. त्यांना माझी अडचण वाटली बहुतेक.

महाराणीच्या तुऱ्याचं एक टोक काळं पडलंय. ते पहिल्या आठवड्यातलं आहे, एका ओल्या वादळी रात्री मी घाबरून दोन्ही फटी बंद केल्या होत्या. काका, ओरडू नका.

एकच प्रश्न उरलाय. भवानी दांडीवर बसतच नाही, अंड्यांच्या खोक्यात झोपते आणि खोकं घाण करते.

जुनं खोड

ओरडत नाही. सगळ्यांनीच एकदा केलंय ते.

टुणटुणी

संध्याकाळी चारनंतर खोक्याच्या तोंडाला फळी लावा, अंधार पडल्यावर काढा किंवा पहाटे काढा. तीनचार रात्री उचलून दांडीवर, दोघींच्या मध्ये ठेवा. कडेला ठेवलीत तर उतरून जाईल.

नवा खुराडेकर

आजच लावली. खाली उभी राहून माझ्याकडे बघत होती. उचलून महाराणीच्या शेजारी ठेवली, दोघींनी एकमेकींना एकेक टोच मारली आणि पिसं फुलवून बसल्या. अंडी आज ५.